कार्डाची मागची बाजू

सकाळचे अकरा वाजून दहा मिनिटं झाली की खोली सतरामधला फोन वाजायचा आणि कार्डताई हातातलं पेन खाली ठेवायची. रविवार सोडून रोज. रविवारीही वाजत असेल तर कोण जाणे, कुलूप लावलेल्या खोलीत ऐकायला बसलंय कोण? पहिल्या आठवड्यात तिचं घड्याळाकडे लक्ष गेलं नव्हतं. दुसऱ्या आठवड्यात गेलं, आणि एकदा गेलं म्हटल्यावर पावणेअकरापासूनच तिचं चित्त थाऱ्यावर राहीना. खिडकीपलीकडे माणूस काहीतरी विचारतोय आणि ही बघतेय फोनकडे.

"बोला, खोली सतरा," ती म्हणायची.

तिकडून उत्तर नाही. खोकला नाही, 'चुकून लागला' नाही, काही नाही. फक्त शिवणाच्या मशीनचा आवाज. पायानं चालवायचं जुनं मशीन, तेल मागणारं. एका दमात खटखटत जायचं, थांबायचं, जरा वेळानं पुन्हा सुरू व्हायचं. इतक्या जवळून ऐकू यायचं की फोन मशीनच्या फळीवरच ठेवलाय म्हणावं. मिनिट-दीड मिनिट झालं की फोन बंद.

तिनं तो एकदा शिपायाला ऐकवला. शिपाई म्हणजे चावीकाका. अख्ख्या इस्पितळाच्या चाव्या कमरेला अडकवून फिरायचे, त्यांच्याआधी त्यांचा आवाज यायचा. त्यांनी डोळे मिटून नीट ऐकलं.

"कुणीतरी कपडे शिवतंय," ते म्हणाले.

"ते मलाही कळतंय हो काका. पण मला कशाला ऐकवतंय?"

"तुम्ही काही शिवायला टाकलंय का?"

ताई हसली. त्या आठवड्यात पहिल्यांदाच हसली. पण दुसऱ्या दिवशी बरोबर अकराला काकांना चहाची तलफ आली, आणि तिसऱ्या दिवशीही आली. माणूस घाबरला की त्याला चहा लागतो, हे ताईला ठाऊक होतं.

आता खोली सतरा म्हणजे काय, ते सांगायला हवं. तो इस्पितळाचा मनोविकार विभाग. तळमजल्याच्या टोकाला, धुण्याच्या खोलीच्या पलीकडे. भिंतीतून दिवसभर मोठ्या यंत्रांची घरघर यायची आणि ओल्या चादरींचा वास. बाहेर पाटी नव्हती, फक्त सतरा आकडा. पूर्वी पाटी होती, आणि फोनवरही पूर्ण नाव सांगायची पद्धत होती. एकदा ताईनं एका मुलीच्या घरी फोन करून "मनोविकार विभागातून बोलतेय" म्हटलं, आणि फोन नेमका त्या मुलीच्या सासऱ्यांनी उचलला. पुढे त्या मुलीचं काय झालं ते ताईला तिच्या माहेरच्यांकडून कळलं. ते ऐकल्यावर तिनं स्वतः मागे लागून पाटी काढायला लावली, आणि त्या दिवसापासून ती फोनवर 'खोली सतरा' एवढंच म्हणायला लागली. कुणाची अब्रू आपल्या तोंडून जाऊ नये, एवढाच हेतू. हेतूला कुणी नावं ठेवू नयेत.

काम कार्डांचं. गावातले इतर डॉक्टर ज्यांना इकडे पाठवायचे त्यांचं एकेक पिवळं कार्ड यायचं. पुढच्या बाजूला नाव, वय, पत्ता, फोन. मागच्या बाजूला पाठवणाऱ्या डॉक्टरनं इथल्या डॉक्टरांसाठी लिहिलेल्या दोन-चार ओळी. पुढची बाजू ताईची आणि मागची डॉक्टरांची, हा तिनं स्वतःला घालून घेतलेला नियम. सव्वीस वर्षांत तिनं एकही कार्ड उलटं करून वाचलं नव्हतं. "लोकांची मनं वाचायचं काम आपलं नव्हे," असं ती नव्या लोकांना अभिमानानं सांगायची. नवे लोक काही टिकायचे नाहीत, ती गोष्ट वेगळी.

डॉक्टर एकच. तेही आठवड्यातले तीन दिवस, उरलेले दिवस त्यांना दुसऱ्या गावी पाठवलेलं. त्यामुळे कार्डं साठायची. साठली की वरून पत्र यायचं की यादी फार लांबली आहे, योग्य ती कार्यवाही करावी. योग्य ती कार्यवाही म्हणजे आणखी एक डॉक्टर, असं तुम्हाआम्हाला वाटेल. वरच्यांना ते वाटलं नाही. त्यांनी नियम पाठवला: पाळी आली की दोन वेगळ्या दिवशी एकेक फोन करायचा, दोन्ही वेळा उचलला नाही तर कार्डावर लाल रेघ मारून ते बंद करायचं. माणसाला गरज उरलेली नाही असं धरायचं.

ताईनं नियम पाळला. तिच्यासारखा कुणीच पाळला नाही. तिची यादी इतकी स्वच्छ राहायची की एका वर्षी तिला प्रशस्तिपत्र मिळालं. तिच्या नवऱ्यानं ते चौकटीत घालून आणलं आणि तिच्या टेबलामागच्या भिंतीवर खिळा ठोकून लावलं. लाल रेघेची कार्डं मात्र फेकायची तिची छाती झाली नाही. ती एका पत्र्याच्या पेटीत टाकायची. पेटी टेबलाखाली. सहा वर्षं ती त्या पेटीवर पाय ठेवून बसत होती, कारण खुर्ची जरा उंच होती.

आणि आता येत्या गुरुवारी समिती येणार होती. दुसरा डॉक्टर द्यायचा की नाही, हे ठरवायला. डॉक्टर चार वर्षं अर्ज करत होते आणि चारही वर्षं एकच उत्तर येत होतं: आपल्या यादीत प्रतीक्षेत फार थोडे लोक दिसतात, सबब खर्च मंजूर करता येत नाही. यंदा तर कुणकुण होती की दुसरा डॉक्टर राहिला बाजूला, आहे त्याचाही एक दिवस कमी करणार.

सोमवारी फोन वाजला तेव्हा ताईनं तो उचलला नाही. आधी फोनच्या पडद्यावर आलेला आकडा कागदावर लिहून घेतला. मग उचलला, मशीन ऐकलं, ठेवला. दुपारी खिडकी बंद झाल्यावर तिनं चालू कार्डांचा खण काढला. चौदाच कार्डं. त्यात तो आकडा नव्हता.

मग ती खाली वाकली आणि पेटी ओढायला गेली. हलेना. सहा वर्षांत तिनं ती कधी हलवलीच नव्हती. जमिनीवर फतकल मारून बसली, झाकण उघडलं, आणि वरच्या थरात पाचव्या-सहाव्या कार्डावरच तो आकडा सापडला. बाईचं नाव, वय चौतीस. व्यवसाय, शिवणकाम. पुढे ताईच्या अक्षरात दोन तारखा, 'उचलला नाही', 'उचलला नाही', आणि लाल रेघ. पट्टी धरून मारलेली.

तिनं कार्ड उलटं केलं. कसं केलं तिचं तिलाच कळलं नाही.

'फोन वाजला की दम कोंडतो, अंग कापतं, लपून बसते. कृपया फोन करू नये. घरी चिठ्ठी पाठवावी. चिठ्ठीची वाट बघते आहे. तातडीनं बघावं ही विनंती.'

ताईनं ते तीनदा वाचलं. मग दुसरं कार्ड उलटं केलं. 'रात्रपाळी करतो, सकाळी झोपलेला असतो, संध्याकाळी फोन करावा.' ताई फोन सकाळीच करायची. तिसऱ्यावर काही नव्हतं. चौथ्यावर: 'डाव्या कानानं अजिबात नाही, उजव्यानं कमी.' पाचव्यावर: 'फोन नवऱ्याच्या ताब्यात. बहिणीचा आकडा खाली देत आहे.' खाली आकडा होता. स्वच्छ, ठळक, कुणीही वाचावा असा. सहावं कार्ड तिनं हातात घेतलं आणि उलटं न करताच परत ठेवलं. भिंतीपलीकडे चादरींचं यंत्र घरघरत होतं. तिला वाटलं, पेटी आतून कुजबुजतेय.

त्या दिवशी घरी गेल्यावर तिनं आपला फोन उशीखाली घातला. नवरा म्हणाला, "काय गं, कुणी उधारीवाला मागे लागलाय का?" नवरा सरळ माणूस. बायको गप्प बसली की हा भांडी घासून टाकायचा, तसं त्यानं केलं.

मंगळवारी अकरा दहाला फोन वाजला आणि ताईनं तो वाजू दिला. मग चिठ्ठ्यांचं पुस्तक काढून एक चिठ्ठी लिहिली. बाईचं नाव, गुरुवार, सकाळी अकरा वाजून दहा मिनिटं, खोली सतरा. आणि कधी नव्हे ते खाली 'मनोविकार विभाग' असं पूर्ण लिहिलं, शिक्का मारला. चावीकाकांना म्हणाली, "अर्धा दिवस जातेय." सव्वीस वर्षांत ती अर्धा दिवस गेली नव्हती. काकांनी चाव्यांवर हात ठेवला, म्हणजे वाजू नयेत.

पत्ता नीट होता. चार मजल्यांची जुनी इमारत, जिन्यात दिवा नाही, खाली टपालाच्या पत्र्याच्या पेट्या. दुसऱ्या मजल्यावर पोचली आणि तिला ते ऐकू आलं. खटखटत जाणारं, थांबणारं, पुन्हा सुरू होणारं. तेच मशीन. ताईनं कठड्याला धरलं. आनंद झाला तिला, खरंच झाला. म्हणजे आहे. शिवतेय. जिवंत आहे बाई. फोन तीच करत असेल, बिचारी, फोनची भीती घालवायला स्वतःच लावून बघत असेल रोज. उरलेला जिना ती जवळजवळ धावत चढली, सत्तावन्न वर्षांची बाई.

दार उघडंच होतं. मशीनवर एक म्हातारी बसली होती. केस चापूनचोपून बसवलेले, अंगावर इस्त्रीचे कपडे, पाय पायडलवर.

"कोण?" म्हातारीनं न बघताच विचारलं.

"मी जरा..." ताई म्हणाली.

म्हातारीचे पाय थांबले. तिनं वळून बघितलं.

"बोला, खोली सतरा," म्हातारी म्हणाली. हुबेहूब ताईच्या सुरात.

ताई उंबऱ्यावरच थांबली.

"बसा," म्हातारी म्हणाली. "मी रोज त्रास दिला तुम्हाला. राग आला असेल."

"तुम्ही बोलत का नव्हता, आई?"

"काय बोलणार? खोली सतरा म्हणजे काय, मला काय माहीत? कोर्टाची खोली असेल, पोलिसांची असेल. माझी लेक गेली. आज सव्वीस दिवस झाले. तिच्या फोनवर शेवटचे दोन फोन तुमचे, दुसरा अकरा दहाचा. कोण होतं ते, एवढंच विचारायचं होतं मला. तुमचा आवाज आला की जीभ उचलायची नाही. म्हणून फोन मशीनवर ठेवायचे. म्हटलं, तिला ओळखणारं कुणी असेल तर तिचं मशीन ओळखेल."

ताई खाली बसली. खुर्ची होती तरी जमिनीवरच बसली. मशीनखाली एक उशी होती, मधोमध खोलगट, माणूस बसून बसून झालेली.

"तिथंच बसायची," म्हातारी म्हणाली. "तिच्या भावाची बातमी फोनवर आली होती. माझ्या मुलाची. ती पोरीनं घेतली, मी अंघोळीला गेले होते. तेव्हापासून फोन वाजला की मशीनखाली. आधी गिऱ्हाइकं गेली, मग शाळेच्या सदऱ्यांचं काम गेलं. मी तिला डॉक्टरकडे नेलं. चांगला माणूस. तो म्हणाला, मोठ्या इस्पितळातून चिठ्ठी येईल, वाट बघा. मी दिवसातून तीनदा खाली जाऊन पेटी बघायचे. ती विचारायची, आली का? मी म्हणायचे, येईल."

"आणि फोन?"

"फोन वाजला तसा मीच तो वाजता वाजताच पांघरुणात गुंडाळून कपाटात टाकला. दोन दिवसांनी पुन्हा वाजला, पुन्हा टाकला. म्हटलं, वाजू दे मेला, कुणी काहीतरी विकणारा असेल. ती खाली कान दाबून बसलेली. तिच्याकडे बघू की फोनकडे?" म्हातारीनं हात मांडीवर ठेवले. "मग ती गेल्यावर मी तो फोन काढून बघितला. तर दोन्ही वेळचा आकडा एकच. विकणारे असं दोनदा करतात का हो? तेव्हापासून माझ्या डोक्यात भुंगा आहे. मी काय गुंडाळून ठेवलं? कोण होतं ते?"

आता इथं ताईच्या मनात काय आलं ते लपवण्यात अर्थ नाही. खोटं तिच्या ओठावर तयार होतं. चावीकाकांनी आयतंच हातात दिलं होतं. कपडे शिवायला टाकायचे होते, आई, म्हणून फोन केला. एवढं म्हटलं की म्हातारीचा भुंगा गेला, आणि ताईचीही सुटका. निवृत्तीला सात महिने राहिलेले. कार्ड पेटीत, पेटी टेबलाखाली, कोण बघणार होतं? आणि खरं सांगितलं तर म्हातारी उरलेलं आयुष्य त्या पांघरुणाशी भांडत बसणार. खोटं बोलणं ही दयाच झाली असती. ताईनं तोंड उघडलंसुद्धा.

"शेवटच्या दिवशीही विचारलं होतं तिनं," म्हातारी म्हणाली. "चिठ्ठी आली का म्हणून."

ताईनं पिशवीतून पिवळं कार्ड काढलं आणि मशीनच्या फळीवर ठेवलं, उलटं. बोट ठेवून ते मोठ्यानं वाचलं. सगळं, 'विनंती' या शब्दापर्यंत.

"फोन मी केला होता, आई. इस्पितळातून. मनाच्या डॉक्टरांकडे तिचा नंबर लागला होता. फोन करायचाच नव्हता. चिठ्ठी पाठवायची होती, इथं लिहिलंय, आणि मी मागची बाजू वाचलीच नाही. दोन फोन उचलले नाहीत म्हणून मी तिचं नाव काढून टाकलं. तुम्ही फोन गुंडाळलात ते बरोबर केलंत. तुम्ही तिला जपत होता. चूक माझी आहे."

म्हातारी शिव्या देईल, हाकलून देईल, ताईची तयारी होती. उलट तसं झालं असतं तर बरं झालं असतं. म्हातारीनं चाकाला हात लावला, पाय हलवले आणि मशीन सुरू केलं. ताईनं वर बघितलं. फळीवर कापड नव्हतं. सुईत दोराही नव्हता. सुई नुसती खाली-वर होत होती.

"दोरा नाही ओवलेला," ताई म्हणाली. काहीतरी बोलायचं म्हणून.

"माहीत आहे. हे बंद ठेवलं की घर खायला उठतं." म्हातारी थांबली. "तुम्ही आज आलात ते कशाला? हे सांगायला?"

"नाही. मला माहीत नव्हतं ती... मी चिठ्ठी घेऊन आले होते."

"द्या मग."

"आई, आता..."

"तिची आहे ना? द्या."

ताईनं चिठ्ठी दिली. म्हातारीनं ती उजेडाकडे धरून वाचली, घडी घातली आणि मशीनच्या खणात, गुंड्यांच्या डबीत ठेवली. ताईनं कार्ड परत पिशवीत घातलं, आणि ती जिना उतरायला लागली तेव्हा वर पुन्हा खटखट सुरू झाली होती.

बुधवारी तिनं डॉक्टरांना सगळं सांगितलं. डॉक्टर पन्नाशीचे, कायम झोप न झालेले, जेवणाचा डबा बरेचदा तसाच परत नेणारे. त्यांनी शांतपणे ऐकलं, चष्मा काढला, पुसला, घातला नाही.

"पेटी आहे हे मला माहीत होतं, ताई," ते म्हणाले. "मी कधी विचारलं नाही. आत किती आहेत ते कळलं असतं तर मला इथं बसणं सहन झालं नसतं."

"उद्या समितीपुढे ती उघडायची."

"उघडली तर दुसरा डॉक्टर मिळेलच असं नाही. चौकशी मात्र लागेल, आणि ती तुमच्यामागे लागेल. रेघा तुमच्या हातच्या आहेत. नियम ज्यांनी काढला ते हात वर करतील. सात महिने राहिलेत तुमचे."

"आणि नाही उघडली तर?"

डॉक्टरांनी आता चष्मा घातला. दोघांनाही उत्तर ठाऊक होतं. चौदा नावं बघून समिती चहा पिऊन जाणार, डॉक्टरांचा एक दिवस कमी करणार, आणि मग लाल रेघा आणखी भराभर मारायला लागणार.

पुढचं सगळं इथंच सांगून टाकू, म्हणजे जीव टांगणीला राहायला नको. दुसऱ्या डॉक्टरचे पैसे मंजूर झाले, पण एकाच वर्षासाठी, तेही 'प्रायोगिक' असा शेरा मारून. दोन फोनांचा नियम गेला. ताईवर चौकशी लागली, तिला धुण्याच्या खोलीत चादरी मोजायला बसवलं आणि तिचे निवृत्तीचे कागद अडकले, ते अजून अडकलेले आहेत. पेटीतली काही माणसं सापडली. काहींच्या दारात दुसरीच बिऱ्हाडं आली होती. काहींच्या घरी म्हातारीसारखंच कुणीतरी दार उघडलं. हे सगळं नंतरचं. गुरुवारी सकाळी यातलं कुणालाच काही ठाऊक नव्हतं.

गुरुवारी समिती आली तेव्हा साडेदहा झाले होते. तिघंजण, प्रमुख एक बाई, कडक इस्त्रीच्या आणि मोजकं बोलणाऱ्या. टेबलापलीकडे बसल्या, मागचं प्रशस्तिपत्र वाचलं आणि ताईकडे बघून कौतुकानं मान हलवली. मग फाईल उघडली.

"प्रतीक्षेत चौदा," प्रमुख बाई म्हणाल्या. "डॉक्टर, तुमचा अर्ज आणि ही यादी, काही मेळ बसत नाही."

डॉक्टरांनी ताईकडे बघितलं. ताईनं चावीकाकांना हाक मारली. दोघांनी मिळून पेटी ओढून टेबलाबाहेर काढली. लादीवर पत्र्याचा असा आवाज झाला की बाहेर बाकांवर बसलेल्यांनी माना वळवल्या.

"हे काय?"

"उरलेली यादी," ताई म्हणाली. "बंद केलेली."

"म्हणजे ज्यांना गरज उरली नव्हती ते."

"ज्यांनी फोन उचलला नाही ते. गरज होती का नव्हती, ते मागच्या बाजूला लिहिलंय. मी ते वाचलं नव्हतं. बंद मीच केलीत सगळी."

"एकूण किती?"

"मोजली नाहीत."

प्रमुख बाईंच्या कपाळावर आठी पडली. "अंदाज?"

ताईला अंदाज सांगायचा नव्हता. अंदाज म्हणजे पुन्हा आकडा, आणि आकडा फाईलमध्ये जाऊन झोपतो. "पुकारते," ती म्हणाली. तिनं मूठभर कार्डं उचलली, खिडकी सरकवली आणि रोज जसं पुकारायची तसं पहिलं नाव पुकारलं.

पद्धत अशी होती की नाव दोनदा घ्यायचं, मध्ये दहा मोजायचे. ताईनं दहा मोजले. बाहेरून कुणी आलं नाही. पुन्हा पुकारलं. कुणी नाही. तिनं कार्ड उलटं करून मागची ओळ वाचली, खाली ठेवलं आणि दुसरं घेतलं. दुसऱ्यालाही कुणी उठलं नाही. तिसऱ्याला बाकावरच्या एका माणसानं उगाच मागे वळून बघितलं. सहाव्या नावाला समितीतला एक जण लिहायचं थांबला. दहाव्या नावापर्यंत बाहेरच्या बाकांवरची कुजबुजही थांबली होती, फक्त भिंतीपलीकडचं यंत्र चालू होतं, आणि ताईचा आवाज. दर नावानंतर दहा मोजण्याइतकी शांतता. त्या शांततेत एकेक माणूस आत येऊन उभं राहतंय आणि खोलीत जागा उरत नाहीये, असं डॉक्टरांना वाटलं. त्यांनी खुर्ची मागे सरकवली.

"पुरे," प्रमुख बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज जरा उतरला होता. "मुद्दा कळला आम्हाला."

"हातातली संपू द्या," ताई म्हणाली. सव्वीस वर्षांत तिनं वरिष्ठांना उलट उत्तर दिलं नव्हतं. प्रमुख बाईंनी पेन खाली ठेवलं.

घड्याळात अकरा दहा झाले. ताईची नजर सवयीनं फोनकडे गेली. फोन वाजला नाही. तिनं हातातलं पुढचं कार्ड बघितलं. शिवणकाम, वय चौतीस. तिनं ते मुद्दाम वर ठेवलं नव्हतं, उलट पेटीत खाली सारलं होतं, कारण ते आपल्याला पुकारता येणार नाही असं तिला वाटत होतं. तिनं नाव घेतलं. आवाज फाटला, तरी घेतलं.

दहा मोजायला सुरुवात केली. चारपर्यंत आली असेल.

भिंतीकडच्या शेवटच्या बाकावरून म्हातारी उठली. अंगावर इस्त्रीचे कपडे, केस चापूनचोपून बसवलेले. हळूहळू चालत ती खिडकीशी आली आणि घडी उलगडून चिठ्ठी पुढे केली. समितीनं ती बघितली, डॉक्टरांनी बघितली. ताईला मात्र तिच्या डोळ्यांकडे बघवेना.

"आलेय," म्हातारी म्हणाली. "जरा उशीर झाला. चिठ्ठी आत्ताच मिळाली."